चूड न लावता

मार्च लागला की आमच्या वाडीत संध्याकाळी सहानंतर धूर मोजता येतात. वरच्या आळीत दोन, शाळेच्या मागे एक, पऱ्यापलीकडच्या काजूच्या बागेत एक मोठा. चुलीचा धूर कुठला आणि पातेऱ्याचा कुठला, हे लांबूनही कळतं. चुलीचा निळसर, पातळ, कौलांतून सरळ वर जाणारा. पातेऱ्याचा पिवळट आणि जड. तो वर जातच नाही. गडग्यावरून खाली उतरतो आणि पऱ्याच्या खोलगटात रात्रभर बसून राहतो.

त्याचं कारण ढिगातच असतं. झाडून एकत्र केलेला पाला वरून कुरकुरीत दिसला तरी आतून दमट असतो. पान पानाला चिकटलेलं असतं, मध्ये वारा शिरत नाही. म्हणून तो पेटत नाही, धुमसतो. अर्धवट जळलेला कार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक कण बाहेर पडतात. त्यात संध्याकाळी जमीन निवू लागते, गार हवा खोलगटात साचते आणि धुराला वरून झाकण बसतं. दिवसभर झाडलोट केलेला माणूस आंघोळ करून ओटीवर टेकतो, नेमका तेव्हाच धूर खाली येतो.

राजापूर तालुक्यातल्या वीस गुंठ्यांच्या एका उतरत्या तुकड्यावर मी नऊ वर्षं हे झाडलोटीचं काम करतो आहे. पहिल्या वर्षी मीही काडी लावली. रानमोडी, घाणेरी, ऐनाच्या डहाळ्या आणि आंब्याचा पातेरा असा छातीएवढा ढीग केला, सकाळी लवकर पेटवला, पाण्याची कळशी जवळ ठेवली, सगळं शिस्तीत. वारा फिरला आणि चार हातांवरच्या हापूसच्या कलमाची एक बाजू करपून गेली. ती बाजू पुढे दोन वर्षं मोहोरली नाही. शेजारचे तात्या बघायला आले, झाडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘‘कलम वाचलंय. पण तू एक सांग, एवढा ढीग तुझ्याकडे आला कुठून? आमच्या लहानपणी असा ढीग व्हायचाच नाही.’’

मला आधी वाटलं, म्हातारपणाचं बोलणं. पण तात्यांना विचारत गेलो आणि त्यांच्या घराचा हिशोब उलगडला. गोठ्यात चार गुरं आणि दोन रेडे. त्यांच्या पायाखाली रोज पातेरा अंथरायचा, सकाळी तो शेणामुतासकट ओढून उकिरड्यात टाकायचा. म्हणजे पान संपलं. काटक्या-कुटक्या आणि झावळ्यांचे दांडे चुलीत जायचे. तात्यांची आई आणि चुलत्या भारे बांधून आणायच्या, तेही पुरायचे नाहीत. हाताएवढ्या जाड, काटेरी फांद्या वईला, म्हणजे कुंपणाला. त्याहून जाड असेल ते मेढीला, वाशाला, नांगराला. पाल्यापासून खोडापर्यंत प्रत्येक जाडीला घरात एक जागा ठरलेली होती. आता तात्यांकडे गुरं नाहीत. चूल आहे ती फक्त आंघोळीच्या पाण्यापुरती, स्वयंपाक गॅसवर. वईच्या जागी सिमेंटचे खांब आणि तार. झाडं मात्र पूर्वीइतकाच पाला गाळतात. गोठा, चूल आणि वई या तीन जागा रिकाम्या झाल्या आणि त्यांचा माल अंगणात येऊन पडला. आपण त्याला कचरा म्हणू लागलो.

गॅस नको होता, असं यातून कोणी काढू नये. ज्या बाईने चाळीस वर्षं ओल्या काटक्या फुंकल्या तिला विचारा. पण रिकाम्या झालेल्या जागा दुसऱ्या कशाने तरी भरायला हव्यात, हे माझ्या लक्षात आलं ते करपलेल्या कलमापाशी.

कोकणात आग मुळी नव्हतीच, असंही नाही. भाताचा तरवा करायच्या जागेवर शेण, कवळ म्हणजे झाडांच्या पालेदार डहाळ्या, गवत आणि वर माती असे थर देऊन उन्हाळ्याच्या अखेरीस ते भाजायचं, ही राबाची पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या जंगलखात्याने कवळ तोडण्यावर बंधनं घातली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतले शेतकरी इतके खवळले की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्या मुंबई फॉरेस्ट कमिशनचा अहवाल १८८७ सालचा आहे. शेतकरी वेडा म्हणून भाजत नव्हता. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ साली राबावर सविस्तर लेखन केलं. राबात राखेइतकंच, किंबहुना जास्त, काम उष्णतेचं असतं. माती भाजली की तणाचं बी मरतं आणि मातीत अडकलेलं थोडं नत्र मोकळं होऊन कोवळ्या रोपाला मिळतं. चार-पाच गुंठ्यांच्या तरव्यासाठी हा सौदा समजण्यासारखा आहे. अंगणातला पातेरा कोपऱ्यात पेटवताना मात्र या फायद्यातलं काहीच आपल्या पदरात पडत नाही. तिथे भाजायला तरवा नसतो. नत्र आणि गंधक धुराबरोबर जातं. मागे उरते ती पालाश आणि चुन्याची राख, आणि तीही पहिल्या वळवाच्या सरीबरोबर पऱ्यात.

तरव्यालाही पुढे पर्याय निघाले. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भात लागवडीत पहिलं सूत्र भाताच्या तुसाची काळी राख तरव्याच्या मातीत मिसळण्याचं आहे, आणि दुसरं गिरीपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीआधी शेतात पसरण्याचं. बांधावर गिरीपुष्प लावलं की पाला तोडायला जंगलात जावं लागत नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत तर नांगरणी आणि लावणी दोन्ही नाहीत. कापणीनंतर भाताची मुळं गादीवाफ्यातच कुजू देतात.

आता ढिगाकडे वळू. जाळणारा माणूस एक चूक करतो, ती आग लावण्याच्या आधीच झालेली असते: तो सगळं एकत्र ओढतो. पान, काटकी, फांदी, बुंधा, नारळाची चुडतं, सगळ्यांचा एक डोंगर. तो डोंगर जाळल्याशिवाय खरोखरच हलत नाही, कारण त्यातल्या प्रत्येक वस्तूची कुजण्याची मुदत वेगळी असते. शेवग्याचं पान दोन आठवड्यांत नाहीसं होतं, आंब्याचं सात-आठ महिने घेतं, अंगठ्याएवढी फांदी दोन पावसाळे, ऐनाचं खोड कितीतरी वर्षं. आग या सगळ्या मुदती एका संध्याकाळीत उरकते, म्हणून ती सोपी वाटते. जाळायचं नसेल तर ढीग जाडीप्रमाणे वेगळा करावा लागतो आणि प्रत्येकाला त्याची मुदत द्यावी लागते. यातलं खरं कष्टाचं काम वेगळं करण्याचंच. तेही तोडतानाच केलं तर अर्ध्या वेळात होतं. गुंतलेल्या ढिगातून फांद्या उपसणं ही शिक्षा आहे.

पानांचं आधी. कुजवण्याचं काम करणाऱ्या जिवाणूंना कार्बन पोटासाठी लागतो आणि नत्र अंग वाढवण्यासाठी. तीस भाग कार्बनाला एक भाग नत्र, हे प्रमाण त्यांना मानवतं. शेणात ते साधारण वीसास एक असतं, ताज्या हिरव्या गवतात त्याच्याच आसपास, झाडावरून गळलेल्या सुक्या पानांत चाळीस ते ऐंशीस एक, आणि लाकडात चारशेच्याही वर. म्हणून नुसता पातेरा रचून ठेवला की तो वर्षभर तसाच दिसतो आणि माणूस म्हणतो, हे काय कुजणारं नाही, लावा काडी. त्याला उपाशी ठेवलेलं असतं. आठ घमेली पातेऱ्याला एक घमेलं शेण, तेही बादलीभर पाण्यात कालवून शिंपडलेलं, किंवा दोन घमेली हिरवं तण, एवढ्याने चित्र बदलतं.

ढीग किमान हातभर नव्हे, मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा. त्याहून लहान ढीग आतली ऊब धरून ठेवत नाही. जमलेल्या ढिगात चौथ्या-पाचव्या दिवशी हात घालून पाहावा. मी पहिल्यांदा घातला आणि चटकन मागे घेतला. आत साठ अंशांच्या आसपास उष्णता असते. पंचावन्न अंशांच्या वर ती काही दिवस टिकली की तणाचं बहुतेक बी मरतं. राबात आग जे काम करते, ते इथे जिवाणू करतात. ओल किती असावी, याची जुनी परीक्षा पुरेशी आहे: मूठभर माल घट्ट पिळला की बोटांच्या फटीत एखादा थेंब यावा, धार लागू नये. धार लागली तर ढिगात हवा उरत नाही आणि वास सुटतो. आंब्या-फणसाची पानं पावसात एकमेकांवर अशी बसतात, जणू कोणी वहीची पानं डकवली आहेत. त्यांच्यात मध्येमध्ये काटक्या घालाव्या लागतात, नाहीतर थरांखाली हवाच पोचत नाही.

या विद्येचा एक मोठा धडा मराठी माणसाच्या ओळखीच्या गावात लिहिला गेला. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूरमध्ये होते, आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड. दोघांनी मिळून १९३१ साली शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्यावर पुस्तक लिहिलं. इंदूर पद्धत हे नाव तिथून जगभर गेलं. माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस आणि तूर. पळकाट्या आणि तुरकाट्या कशाने कुजायच्या? त्यांना फोडायला यंत्र नव्हतं. हॉवर्डनी त्या शेतातल्या गाडीरस्त्यावर अंथरायला लावल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्यांचा चुरा झाला, मग तो गोठ्यात अंथरला आणि तिथून खताच्या खड्ड्यात गेला. मला या सगळ्या पद्धतीत ही रस्त्याची युक्ती सर्वांत आवडते. ज्या कामासाठी आज आपण पेट्रोलवर चालणारा चिपर शोधतो, ते काम आधीच चालू असलेल्या वाहतुकीकडून फुकटात करून घेतलं. माझ्या आवारात गाडी आत येते तिथल्या चाकोरीत मी आता रानमोडीच्या काठ्या टाकतो. महिन्याभरात त्या चिरडून अंथरुणासारख्या होतात.

पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, पुढे शेण कमी असलेल्या शेतकऱ्याचा विचार केला. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असं विटांचं टाकं, भिंतींत हवेसाठी भोकं, आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. दीड टनाच्या आसपास काडीकचऱ्याला शेण लागतं फक्त १०० किलो. माती मात्र भरपूर. वरून लिंपून घेतलं की तीन ते चार महिन्यांत खत. गुरं विकून टाकलेल्या आमच्या वाडीसाठी हा हिशोब फार मोलाचा आहे, कारण शंभर किलो शेण मागून आणता येतं.

देशावरचा वाचक म्हणेल, अंगणातल्या पाल्याचं काय घेऊन बसलात, आमच्या उसाचं पाचट बघा. खरं आहे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं आणि तोड झाली की रात्री फडात जाळ दिसतो. त्यावरचा उपाय शेतकी खातं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे: पाचट एकाआड एक सरीत दाबायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, आणि दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाकायचे. युरिया का, हे वरच्या तीसास एकच्या हिशोबावरून कळेल.

कोकणात सर्वांत मोठी गोष्ट कधी तोडायचं ही आहे, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित. रानमोडीला नोव्हेंबरनंतर फुलं येतात, मग म्हातारीसारखं उडणारं बी. बहुतेक बागांची बेणणी दिवाळीनंतर रेंगाळत होते. तोवर काठ्या लाकूड झालेल्या असतात, बी धरलेलं असतं आणि पाऊस गेलेला. तो माल मार्चमध्ये काडीचीच वाट बघत बसतो. हीच बेणणी भाद्रपदाच्या अखेरीस, घटस्थापनेच्या आसपास केली तर रानमोडी कोवळी असते, फुललेली नसते, आणि मागे उरलेला पाऊस तिला कुजवायला मदत करतो. कापली तिथेच कलमांच्या आळ्यांत अंथरली, तर फेब्रुवारीपर्यंत तिचे सांगाडे तेवढे उरतात आणि खालची माती ओलसर सापडते. एकच काम, सहा आठवडे आधी. गड्यांना हे पटवायला मला तीन वर्षं लागली, कारण त्या दिवसांत भातकापणी येऊन ठेपलेली असते. अजूनही दरवर्षी जमतंच असं नाही.

जमीन नव्याने मोकळी करताना प्रश्न फांद्यांचा होतो. काजू लावायला उतारावरचं रान सरसकट तोडायचं, वाळवायचं, पेटवायचं, मग जेसीबीने बुंधे उपटायचे, ही आमच्याकडची रीत झाली आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जळलेल्या, उपटलेल्या उतारावर तो पडला की कातळावरची वीतभर माती एका हंगामात खाली जाते. मी फांद्या तोडून उताराला आडव्या, समपातळीत रचल्या. खाली मेढी ठोकल्या, जाड फांद्या जमिनीला घट्ट लागतील अशा टाकल्या, त्यांच्या वरच्या अंगाला पालेदार डहाळ्या कोंबल्या. हा बांध दिसायला गबाळा असतो. पण पहिल्या जुलैनंतर त्याच्या मागे चार बोटं तांबडी, मऊ माती साठली होती, त्यात पावसाने आणलेली पानं आणि कुड्याची रोपं. दोन वर्षांत फांद्या बसून जातात, त्यावर नव्या टाकायच्या. आवाराच्या कडेला दोन हातांच्या अंतराने मेढींच्या दोन ओळी ठोकून मधे फांद्या भरल्या की तीच जुनी वई परत येते. दरवर्षी ती निम्मी खचते आणि दरवर्षीचा माल तिच्यात मावतो.

दोन सूचना मात्र विसरू नयेत. असे ढीग घराला लागून नकोत: आमच्याकडे फुरसं असतं, आणि त्याला फांद्यांचा ढीग आवडतो. काम करताना हाताऐवजी काठी आधी घालावी. वाळवीही तिथे येते. तिला ढिगात तिचं काम करू द्यावं, फक्त घराच्या वाशांपर्यंत वाट देऊ नये. आणि उन्हाळ्यात वणव्याचं भय असेल तर फांद्यांच्या रांगा सलग ठेवू नयेत, मध्ये दहा-बारा फूट मोकळी पट्टी सोडावी.

चिपर किंवा श्रेडर मिळाला तर फांदी ओली असतानाच घालावी. सुकलेली यंत्राची धार घालवते. गावात कोणा एकाने घेऊन भाड्याने फिरवलं तर परवडतं. ढलप्यांबद्दल एक भीती सर्वत्र आहे, की त्या जमिनीतलं नत्र खातात. भीती अर्धी खरी आहे. ढलप्या मातीत कालवल्या तर चारशेस एकचा तो हिशोब रोपाच्या मुळांपाशीच मांडला जातो आणि रोप पिवळं पडतं. वर पसरल्या तर हे फक्त माती आणि ढलपीच्या सांध्यावर घडतं, खालच्या मुळांना त्याचा त्रास नाही. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या पानांचंही तसंच. ती चामड्यासारखी पानं कुजायला वेळ घेतात, पण झाडाच्या बुडाशी आच्छादन म्हणून उत्तम टिकतात. जे लवकर कुजत नाही त्याला दोष देण्यापेक्षा जिथे टिकाऊपणाच हवा तिथे ते वापरावं.

बुंधे उपटू नयेत, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललं आहे. ऐन किंवा किंजळ जमिनीलगत कापला तर फुटवे येतात. दोन वर्षं ते खुडत राहिलं की मूळ थकतं. त्यानंतर बुंध्यावर पांढऱ्या बुरशीचे पंखे उमटतात. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडणं हे अशा बुरश्यांचंच काम. माझ्या आवारातल्या एका ऐनाच्या बुंध्यात सातव्या वर्षी बोट शिरलं. आत लाकूड नव्हतं, ओल्या पुठ्ठ्यासारखा भुगा होता आणि त्यात गोम. मुळांच्या जागी राहिलेल्या पोकळ्यांतून आता पावसाचं पाणी मुरतं. खड्ड्यात खोडं पुरून वर माती टाकणारेही असतात. बागेत ते चालतं, पण त्या जागेवर पुढे भिंत किंवा खोली बांधू नये. लाकूड कुजतं, माती खचते, भिंतीला तडा जातो.

आता माझ्या फसगतीची गोष्ट. चौथ्या वर्षी मला खताचा गर्व झाला होता. मोठा, काळा, भुसभुशीत ढीग नारळाच्या चार माडांच्या मधोमध केला. म्हटलं, खत माडाच्या बुडाशीच तयार होईल. पुढच्या पावसाळ्यानंतर नवं चुडत उलगडलं तर त्याच्या पात्यांना दोन्ही बाजूंनी सारखे त्रिकोणी काप, जणू कोणी घडी घालून कात्री चालवली. तात्या एका नजरेत म्हणाले, ‘‘भुंगा. वर बघू नकोस, खाली बघ.’’ ढीग उकरला तर अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या, अर्धवर्तुळात वळलेल्या अळ्या. गेंड्या भुंग्याच्या. हा भुंगा कुजणाऱ्या शेणखतात आणि पालापाचोळ्यात वाढतो आणि मोठा झाला की माडाच्या न उलगडलेल्या कोंबात शिरतो. पान उलगडल्यावर दिसणारी ती नक्षी म्हणजे आत घडीत असताना घेतलेला चावा. मी त्याला घर बांधून दिलं होतं, आणि स्वयंपाकघरही शेजारीच. दोन दिवस ढीग चाळला, कोंबड्या सोडल्या, त्यांनी मेजवानी केली. उरलेल्यासाठी मेटारायझियम नावाची बुरशी मिसळली, जी या अळ्यांवर वाढून त्यांना मारते. ढीग माडांपासून लांब नेला. न जाळण्याचे फायदे सांगताना ही बाजू बहुतेक लेखक गाळतात. कुजण्याच्या जागी जीव येतात, आणि सगळे आपल्या बाजूचे नसतात.

तीच गोष्ट रोगाची. बुंध्यावर गॅनोडर्माची बुरशी येऊन मेलेला माड तसाच ठेवू नये. खोड, गड्डा आणि मुळं खणून काढावी लागतात. आंब्याला भिरूड लागला आणि फांदी आतून पोखरली गेली असेल तर ती वईत किंवा बांधात रचण्यात अर्थ नाही, कारण त्यातली अळी तिथेच मोठी होईल. असली लाकडं मी वाळवून आंघोळीच्या बंबात घालतो. होय, हे जाळणंच आहे. पण चार सुकी लाकडं धुराड्याच्या बंबात आणि ओला ढीग अंगणात, या दोन आगींना एकच नाव देणं मला जमत नाही.

शहरांबद्दल थोडक्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेतला कचरा आवारातच वेगळा ठेवायला सांगितलं आणि तो रस्त्यावर टाकायला किंवा जाळायला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्याला देशभर बंदी घालून साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. दंड कितीजणांना होतो हा वेगळा विषय. माझ्या पुण्याच्या सोसायटीत अजून सकाळी सहाला, सगळे झोपेत असताना, झाडूवाल्याला कोणीतरी काडी देतं. तिथे अडचण जागेची सांगतात. पण कोंबडीच्या जाळीचा तीन फूट व्यासाचा एक गोल, छातीएवढा उंच, पार्किंगच्या मागच्या भिंतीला उभा केला की सोनमोहोर आणि गुलमोहोराची बारीक पानं त्यात आठवड्यागणिक खाली बसत जातात. या दोन झाडांची पानं इतकी चिमुकली की ती जवळजवळ चिरलेलीच येतात. बदामाचं मोठं पान मात्र आधी पायाखाली तुडवून टाकावं.

मागच्या मे महिन्यात तात्या दोन घमेली घेऊन आले. ‘‘तुझं ते काळं खत दे जरा, मिरचीच्या रोपांना घालतो.’’ मी ढिगाच्या तळातलं, दीड वर्षाचं, चाळून दिलं. त्यांनी मुठीत घेऊन वास घेतला, थोडं बोटांतून खाली सोडलं. ‘‘पऱ्याकाठची माती लहानपणी अशी असायची,’’ म्हणाले आणि घमेलं डोक्यावर घेऊन निघाले. संध्याकाळी त्यांच्या मळ्यात धूर दिसला म्हणून गडग्यापाशी जाऊन हाक मारली. तरवा भाजत होते. ‘‘येवढा एक कोपरा,’’ तिकडूनच ओरडून म्हणाले, ‘‘बाकीचा पातेरा तुझ्याकडे पाठवतो उद्या.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टेम्पो आला, आणि त्यात पातेऱ्याखाली, मी सांगून सांगून थकलो तरी, पाच-सहा जाड फांद्या होत्याच.